शीत दीपांची उष्णता : वऱ्हाडच्या उन्हाळ्यातून एक आढावा

विजेच्या दिव्याचा इतिहास हा एका दृष्टीने उष्णतेशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे. आणि जो दिवा हा झगडा कायमचा मिटवील अशी ग्वाही देत आपल्या घराघरांत शिरला, त्या एलईडीच्या ठायी तो दिव्याच्या काचेतून निघून त्याच्या बुडख्यात जाऊन बसला आहे, ही गोष्ट अभियंत्यांना जितकी ठाऊक आहे तितकी ग्राहकास, ग्रामपंचायतीस आणि निविदांचे कागद तपासणाऱ्या दप्तरासही ठाऊक असावयास हवी. दिवा उडाला की दोष त्याच्या चीपवर टाकला जातो. वस्तुतः चीप बहुधा निर्दोष असते. तिच्या उष्णतेला बाहेर पडावयास मिळालेली वाट, आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा दाब, या दोहोंच्या हिशेबात दिव्याचे आयुर्मान ठरत असते. हा हिशेब थंड हवेच्या प्रयोगशाळेत एक निघतो आणि वऱ्हाडच्या वैशाखात दुसरा निघतो.

त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारहून या प्रश्नाकडे पाहावे असे मला वाटते. काळ्या बसाल्टच्या पठारात उल्काघाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, त्याच्या तळाशी खारे पाणी, आणि काठावर दैत्यसूदनाच्या प्राचीन मंदिरासह वसलेले गाव ही लोणारची ख्याती. परंतु तेथे संसार करणाऱ्याच्या दृष्टीने उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढविणारा हा मुलूख आहे, हे वास्तव विवराइतकेच ठळक आहे. या मुलखातील जुनी घरे धाब्याची. जाड भिंतींवर मातीचा भरभक्कम थर असलेले ते छत दिवसाची उष्णता आत पोहोचावयास रात्र उजाडविते. त्यांच्या जागी आलेली टिनाची छपरे दुपारी तव्यासारखी तापतात, आणि त्या टिनाखाली वीतभर अंतरावर होल्डर टांगलेला असतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले दोन बल्ब या दोन घरांत गेले, तर त्यांची आयुष्ये सारखी निघण्याचे काही कारण नाही.

यापूर्वीच्या दिव्यांना सभोवतीच्या उन्हाळ्याचे सोयरसुतक नव्हते. रॉकेलची चिमणी आणि कंदील ज्योतीवर चालत. त्यांची प्रकाश देण्याची क्षमता इतकी क्षुद्र होती की इंधनातील जवळजवळ सर्व ऊर्जा ऊब आणि काजळी यांतच खर्ची पडे. गॅसबत्तीने त्यात मोठी सुधारणा केली, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नूरी’ हा मॅन्टलचा कंदील सिद्ध करून खेड्यातील दिवा हाही गंभीर संशोधनाचा विषय आहे हे १९८० च्या दशकातच दाखवून दिले, याची नोंद अशा आढाव्यात आदरपूर्वक केली पाहिजे. तारेचा बल्ब आला तेव्हाही तत्त्व बदलले नाही. त्याची टंगस्टनची तार सुमारे २४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागे, तापल्यावाचून ती उजळतच नसे, आणि पोटात घेतलेल्या शंभर हिश्श्यांपैकी पाचएक हिस्से प्रकाशाला देऊन बाकीचे ती अवरक्त किरणांच्या रूपाने खोलीत फेकून देई. २४०० अंशांवर नांदणाऱ्या तारेला बाहेरची हवा २५ अंशांची आहे की ४५ अंशांची, याने काय फरक पडणार?

एलईडीचा जन्म निराळ्या कुळात झाला. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून वीज जाताना प्रकाश निघतो हे एच. जे. राउंड यांनी १९०७ साली पाहिले. रशियात ओलेग लोसेव्ह यांनी १९२० च्या दशकात त्याचा चिकाटीने अभ्यास केला. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड घडविला. आणि निळ्या रंगावाचून अडलेले हे काम आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांनी गॅलियम नायट्राइडच्या बळावर पुरे केले, ज्याबद्दल त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो मुळात निळाच असतो. त्याच्यावरील पिवळसर लेप निळ्याचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश परत देतो, आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्याला पांढरेपणाचा प्रत्यय येतो. या साऱ्या व्यवहारात तापण्याची आवश्यकता कोठेच नाही. ऋणभारी इलेक्ट्रॉन आणि धनभारी पोकळी यांचा अर्धवाहकाच्या संधिस्थानी संयोग होतो आणि सुटलेली ऊर्जा थेट प्रकाशकण होऊन बाहेर पडते.

परंतु प्रत्येक संयोग प्रकाशदायी नसतो. काही संयोग स्फटिकातील दोषांच्या ठिकाणी होतात आणि त्यांची ऊर्जा जाळीच्या कंपनात, म्हणजे उष्णतेत, विरून जाते. लोणारच्या वाचकास हा विषय अगदी परका वाटू नये. कारण स्फटिकांतील व काचेतील दोषांत अडकून पडलेले इलेक्ट्रॉन तापविल्यावर सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात, याच तापदीप्तीच्या आधारे विवरातील आघातजन्य काचेचे वय एकदा सुमारे ५२,००० वर्षे ठरविण्यात आले होते. पुढे २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले, आणि दोन आकड्यांमधील ही तफावत दोषांत साठलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लावणे किती नाजूक असते याची कल्पना देते. एलईडीत हाच व्यवहार उलट अंगाने चालतो : तेथे दोषात अडकलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाला मुकतो, आणि तापमान जसजसे चढते तसतसे अशा मुकणाऱ्यांचे प्रमाण वाढते. तांबड्या डायोडला हा चटका फार बसतो, निळ्याला त्या मानाने कमी. शिवाय प्रवाह वाढवीत गेल्यास दर वॅटमागे मिळणारा प्रकाश घटत जातो, हा निळ्या डायोडचा आणखी एक स्वभाव होय. त्यामुळे वीस चीपांकडून सावकाश घेतलेले काम आणि नऊ चीपांकडून रगडून घेतलेले काम, प्रकाश सारखाच दिसत असूनही, आतल्या उष्णतेच्या दृष्टीने समान नसते. स्वस्त दिव्यातील काटकसर बहुधा येथेच केलेली असते, आणि ती दुधी आवरणाखाली झाकून गेल्याने ग्राहकाच्या दृष्टीस पडत नाही.

आता उष्णतेच्या वाटेकडे वळू. एलईडीच्या पुढून येणाऱ्या झोतात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून हात धरला तर तो थंड लागतो. पण ह्याचाच अर्थ असा की जी उष्णता उत्पन्न झाली तिला किरणरूपाने निघून जाण्याची सोय नाही आणि ती सारी पाठीमागून, धातूतून वहनाने, नेऊन हवेच्या स्वाधीन केली पाहिजे. उदाहरणादाखल ९ वॅटचा घरगुती बल्ब घ्या. त्यातील सव्वाएक वॅट ड्रायव्हर नावाच्या मंडलात खर्च होतो. उरलेल्या पावणेआठांपैकी तीनएक वॅट प्रकाश होऊन बाहेर पडतात. म्हणजे सुमारे ६ वॅट उष्णता मुठीएवढ्या वस्तूच्या पोटात राहते. चीपखाली अॅल्युमिनियमची पट्टी, पट्टी आणि चीप यांच्यामध्ये विद्युत्रोधक असा पातळ थर, पट्टीखाली बुडख्याचे अॅल्युमिनियम, त्यावर प्लास्टिकचे कवच आणि शेवटी हवा, असा या उष्णतेचा प्रवास आहे. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता मीटर-अंशामागे दोनशे वॅटच्या घरात. रोधक थराची एक ते तीन. आणि स्थिर हवेची अवघी ०.०२६. ओहमच्या नियमात प्रवाहाला रोधाने गुणून दाब काढतात त्याच रीतीने वॅटला उष्णतारोधाने गुणून तापमानातील चढ काढतात. आणि बुडख्यापासून हवेपर्यंतचा रोध वॅटमागे ८ अंश धरला, तर ६ वॅटांना ४८ अंशांचा चढ येतो. प्रयोगशाळेच्या २५ अंशांत बुडखा ७३ अंशांवर राहील. टिनाखालच्या ४५ अंशांत तो ९३ अंशांवर जाईल. चीपचे संधिस्थान त्याहूनही काही अंश वर असणार.

गॅलियम नायट्राइडची चीप हे निमूटपणे सोसते. सोसवत नाही ते तिच्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला, ज्याला बाजारात अजूनही कंडेन्सर म्हणतात. त्याच्या अंगात द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो, आणि दर १० अंशांच्या वाढीबरोबर त्याचे आयुष्य निम्मे होते, असा व्यवहारात रुळलेला नियम आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकण्याची हमी असलेला कपॅसिटर ७५ अंशांवर १६,००० तास आणि ९५ अंशांवर ४००० तास टिकावा असे त्या नियमान्वये निघते. रोज सहा तास दिवा लागत असेल, तर पहिल्या स्थितीत तो सात वर्षांहून अधिक पुरतो आणि दुसऱ्या स्थितीत दोन वर्षेही पुरत नाही. वऱ्हाडात बारा महिने ४५ अंश नसतात, रात्री हवा निवते, हिवाळा चांगलाच थंड असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडेल. तरी पण भर दुपारी दिवे लावून बसणारे टिनाचे दुकान, झरोका नसलेले गोदाम, किंवा बंदिस्त काचेच्या हंडीत उलटा टांगलेला बल्ब यांना दुसऱ्या आकड्याच्या बाजूनेच धरले पाहिजे.

खोक्यावर छापलेल्या २५,००० किंवा ५०,००० तासांचे मग काय? तो आकडा बहुतेक वेळा चीपचा असतो. चीप आरंभीच्या प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ तिचे उपयुक्त आयुष्य समजतात. निदान ६००० तास तापविलेल्या पेटीत ती जळत ठेवून मधूनमधून प्रकाश मोजतात आणि त्या मोजमापाचा कल पुढे वाढवून, पण प्रत्यक्ष चाचणीच्या सहापटींपलीकडे न जाता, भाकीत करतात. ही पद्धत प्रामाणिक आहे आणि तिच्यामागील परिश्रमांबद्दल मला आदर आहे. परंतु त्यात ड्रायव्हर नाही, कपॅसिटर नाही, डाख नाही. आणि संपूर्ण बल्बाची कामगिरी मोजताना सभोवतीची हवा २५ अंशांची धरावी असा शिरस्ता आहे. स्वयंपूर्ण एलईडी दिव्यांसाठी भारतीय मानक आय. एस. १६१०२ हे दोन भागांत, सुरक्षितता व कामगिरी अशा क्रमाने, २०१२ मध्ये आले, आणि पुढे हे दिवे सक्तीच्या नोंदणीखालीही घेण्यात आले. त्यामुळे अगदी बनावट माल ओळखण्याचे साधन हाती लागले, हे निर्विवाद. जेथे उन्हाळा ४२ अंशांचा तेथे २५ अंशांवरील कामगिरीचा दाखला ग्राहकाने किती प्रमाण मानावा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि माझे मत असे की ४५ अंशांवरील आयुष्याचा वेगळा आकडा खोक्यावर छापणे सक्तीचे केल्यावाचून तो सुटणार नाही.

विजेच्या दाबाची बाजू याहून कमी महत्त्वाची नाही. डायोडचा दाब आणि प्रवाह यांचे नाते सरळ रेषेचे नसते. दाब किंचित चढला की प्रवाह अनेकपटींनी चढतो. त्यात तापमान एक अंशाने वाढले की तोच प्रवाह वाहण्यास लागणारा दाब एकदोन मिलिव्होल्टांनी उतरतो. म्हणजे ठरावीक दाबावर जोडलेला डायोड तापला की जास्त प्रवाह घेतो, जास्त प्रवाहाने जास्त तापतो, आणि हे चक्र आवरले नाही तर जळून जातो. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांच्या काळात अभियंत्यांनी हेच संकट सोसले होते. सिलिकॉनने ते सौम्य केले, नाहीसे केले नाही. ड्रायव्हरचे मुख्य काम या कारणाने प्रवाह स्थिर राखणे हे आहे, आणि हे काम कशा तऱ्हेने केले आहे यावर दिव्याची प्रत ठरते. चांगल्या ड्रायव्हरात वेगाने उघडझाप करणारे मंडल असते. दाब १५० वर आला किंवा २८० वर गेला तरी ते चीपांना ठरलेला प्रवाहच देते. स्वस्त दिव्यात चीपांच्याच पट्टीवर एक लहानशी आयसी बसविलेली असते आणि ती जादा दाब स्वतःच्या अंगावर घेऊन उष्णतेत घालविते. चाळीस मिलिअँपिअरच्या प्रवाहावर पंचवीस व्होल्ट अधिक आले की एक वॅट उष्णता वाढली. म्हणजे मघाच्या हिशेबाने आणखी ८ अंश.

घरगुती वीज २३० व्होल्टांची, अधिक-उणे ६ टक्के, असावी असा नियम आहे. डीपीपासून दूर, फीडरच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबास हा नियम कागदावरच भेटतो. शेतीपंप एकदम सुरू झाले की दाब कोसळतो, ते बंद झाले की उसळतो. लाईट गेली आणि परत आली तर येताना झटका घेऊन येते. आणि डीपीवरील न्यूट्रल तुटल्यास एका घराचे दिवे मंदावत असताना शेजारच्या घरात दोन फेजांमधील ४०० व्होल्टांच्या जवळ जाणारा दाब शिरू शकतो. वळिवाच्या दिवसांतील विजा या सर्वांच्या वरताण. तारेचा बल्ब अशा वेळी एकतर उडे किंवा निभावून नेई; एलईडीत दहा-वीस नाजूक घटक असल्याने त्यातील कोणत्या घटकाने मान टाकली हे बाहेरून कळत नाही. गावठाणाची वाहिनी शेतीपासून अलग करण्याचे जे काम महावितरणने अनेक ठिकाणी केले, त्याचा मोठा लाभ दिव्यांच्या आयुष्याला होतो.

बंद पडलेले बल्ब दुरुस्त करून देणारे कारागीर आता आठवडी बाजारांतही दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या हस्तकौशल्याची नोंद आपल्या तांत्रिक वाङ्मयाने घेतलेलीच नाही. चीपा एका माळेत गुंफलेल्या असल्यामुळे एक गेली की सर्व विझतात. कारागीर काळा ठिपका पडलेली चीप हुडकून तिच्यावर डाखाचा थेंब देतो आणि माळ पुन्हा जोडून देतो. दिवा लागतो. परंतु गेलेल्या चीपने घ्यावयाचा दाब आता साध्या ड्रायव्हरच्या आयसीवर पडतो, तिची उष्णता वाढते, आणि त्याच पट्टीवरील शेजारच्या चीपा तापतात. ज्याला हे माहीत आहे तो कारागीर रोधाची किंमत बदलून प्रवाह थोडा उतरवून देतो, आणि प्रकाश जरासा कमी झाला तरी तो दिवा पुढे वर्षानुवर्षे चालतो. ही साधी युक्ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविली जावी असे मनापासून वाटते.

लोणारला आणखी एक विशेष बाब लागू आहे. तेथील सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. त्यातील पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की अशा नावांनी ओळखले जाणारे क्षार एके काळी काढले जात, आणि काच व साबण करण्यास उपयुक्त पदार्थ तेथे मिळतात असा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. अॅल्युमिनियमवर हवेत जी ऑक्साइडची साय धरते ती पीएच साडेआठपर्यंत टिकते. त्यापुढे विरघळू लागते. तसेच काठावरच्या चिखलातून येणारा कुजका वास हायड्रोजन सल्फाइडचा. आणि हा वायू सिलिकोनच्या आवरणातून सहज आत झिरपून चीपखालच्या चांदीच्या मुलाम्याला काळे पाडतो, ज्यामुळे परावर्तन घटून प्रकाश मंदावतो, हे एलईडीच्या बिघाडांपैकी एक सुपरिचित कारण आहे. सरोवराच्या कडेने दिवे बसविण्याची वेळ येईल तेव्हा उघड्या अॅल्युमिनियमच्या पात्या आणि चांदीचा मुलामा यांच्या ऐवजी लेप दिलेले कवच, हवाबंद जोड आणि सोन्याचा मुलामा किंवा सिरॅमिकची बैठक मागणे हे येथील निविदेला आवश्यक ठरते. मुंबई-पुण्याच्या निविदेची नक्कल येथे चालणार नाही.

राष्ट्रीय पातळीवर जे घडले ते थक्क करणारे आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी ज्या योजनेचा आरंभ झाला आणि जी पुढे ‘उजाला’ या नावाने सर्वतोमुखी झाली, तिच्यामार्फत ईईएसएल या शासकीय कंपनीने ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले. घाऊक खरेदीचा दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्याच दिवशी सुरू झालेल्या रस्ते-दिव्यांच्या कार्यक्रमाने शहरांची व गावांची दिवाबत्ती पालटून टाकली. वॅटमागे १२ ल्युमेन देणाऱ्या तारेच्या जागी १०० ल्युमेन देणारा दिवा आला म्हणजे गरिबाच्या बिलात किती फरक पडतो, हे सांगावयास नकोच. एवढ्या प्रचंड कार्यानंतर पुढची पायरी टिकाऊपणाची असली पाहिजे. कारण दरातील शेवटचे काही रुपये वाचविण्याच्या भरात आधी बारीक होते ते अॅल्युमिनियम आणि नंतर कपॅसिटर.

सौर दिव्यांचा हिशेब अंशतः निराळा आहे. मुंबईच्या आय. आय. टी. ने ‘सोल’ या नावाखाली महाराष्ट्रासह काही राज्यांतील शाळकरी मुलांना दहा लाख अभ्यासदीप पोहोचविले, आणि ते जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकविले. एक वॅटच्या त्या दिव्याला ना २३० व्होल्टांचा धोका, ना उष्णतेचा फारसा प्रश्न. मोठ्या सौर दिव्यांत मात्र दुखणे बॅटरीकडे सरकते. शिसे-आम्लाची बॅटरीही दर १० अंशांमागे आपले आयुष्य निम्मे करून घेते, आणि खांबावर लोखंडी पेटीत दिवसभर उन्हात तापणारी बॅटरी ही त्या दिव्याची खरी मुदत ठरविते. सौर पंपांच्या नियंत्रकपेट्यांचीही हीच कथा. आतील सिलिकॉनचे घटक १२५ ते १५० अंशांपर्यंत सोसत असले तरी पेटी तापताच नियंत्रक स्वतःहून शक्ती उतरवितो, आणि नेमके ज्या दुपारी पिकाला पाणी हवे त्या दुपारी पंपाची धार बारीक होते. पेटीवर चार हात पत्र्याची सावली धरणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लोणारचे सरोवर व भोवतीचे अरण्य हे अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर २०२० पासून ते रामसर स्थळही आहे. म्हणून विवराच्या काठावरील रस्त्यांसाठी एक गोष्ट विशेषत्वाने सुचवावीशी वाटते. रात्री अकरानंतर या दिव्यांचा प्रवाह निम्म्यावर आणणारी योजना ड्रायव्हरमध्ये करणे आज सहज शक्य आहे. प्रवाह निम्मा झाला तरी प्रकाश निम्म्याहून थोडा अधिकच राहतो, कारण कमी प्रवाहावर डायोडची कार्यक्षमता सुधारते. उष्णता निम्म्याहून खाली जाते. ९३ अंशांवरचा बुडखा सत्तरीच्या आत येतो. कपॅसिटरला रात्रीचे पाचसहा तास निवांत मिळतात. आणि निळ्याचे प्रमाण कमी असलेला २७०० केल्विनचा उबदार पिवळसर दिवा त्यासाठी निवडला, तर विवराच्या उतारावर रात्री वावरणाऱ्या कीटक-पक्ष्यांना होणारा उपद्रवही घटतो. खर्च ड्रायव्हरमागे थोडाच वाढतो, आणि तो वाचलेल्या विजेतून भरून निघतो.